चांदीच्या खोगिरावरची आर्डिस

मिनेसोटातल्या आमच्या नॉर्डबी गावात कुणी कधी काही मागितलंय, असं ऐकिवात नाही. हवं तर सगळ्यांनाच असतं, शेवटी माणसंच ती. पण तसं बोलून दाखवायची पद्धत नाही. कॉफी विचारली की म्हणायचं, "नको, कशाला उगाच त्रास." पुन्हा विचारली की, "नको नको, खरंच नको." तिसऱ्यांदा विचारली की मग, "बरं, अर्धा कप." आणि अर्धा कप म्हणजे काठोकाठ, हे ओतणाऱ्यालाही ठाऊक. चर्चच्या जेवणात ताटातला शेवटचा केक कुणी उचलत नाही. एक जण निम्मा कापून घेतो, दुसरा त्याचा निम्मा, आणि उरलेली चिमूट शेवटी कोंबड्यांच्या वाट्याला जाते. आमच्या कोंबड्या धष्टपुष्ट आहेत त्या काही उगाच नाहीत.

अशा गावात साठी उलटलेली, अंगापिंडानं भरलेली, लुथरन चर्चच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर कॉफी ढवळलेली आर्डिस हाउगेरुड टिकल्यांचा सूट घालून चांदीच्या खोगिरावर बसली आणि जत्रेतल्या परेडच्या घोड्यांच्या स्पर्धेत उतरली. लोकांनी काय म्हणावं? लोक काहीच म्हणाले नाहीत. आमच्याकडे हीच सर्वांत कडक टीका.

पण आर्डिसला त्याची फारशी फिकीर नव्हती, कारण तिनं स्वतःची टिंगल आधीच उरकून घेतली होती. आपणच आधी हसून घेतलं की दुसऱ्याला हसायला काही उरत नाही, हे तिचं जुनं शहाणपण. आरशासमोर सूट घालून उभी राहिली तेव्हा ती स्वतःलाच म्हणाली होती, "वा गं बाई, सोफ्याला नवं कापड घातलंय जसं."

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते शनिवारच्या मिरवणुकीमुळे. जत्रेच्या शनिवारी गावच्या मोठ्या रस्त्यावरून मिरवणूक निघते. सगळ्यात पुढे घोडे, घोड्यांच्या मागे चर्चची गाडी. गाडी म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेला ट्रेलर, त्यावर गवताच्या गाठी, आणि गाठींवर चर्चच्या बायका. घोड्यांच्या लगेच मागे म्हणजे काय ते समजून घ्या. लग्न होऊन या गावात आल्यापासून आर्डिस त्या गाडीत बसून एका हातानं नाक दाबत आली होती आणि दुसरा हात लोकांकडे पाहून हलवत आली होती. पुढे कुणीतरी झेंडा घेऊन चाललेलं असायचं. उन्हात काहीतरी चमचम करायचं. बँड त्या माणसासाठी वाजायचा. आणि तो माणूस कोण, तर शुक्रवारच्या परेडच्या घोड्यांच्या स्पर्धेत जो पहिला आला तो.

एकदा, फक्त एकदा, आपण पुढे असावं, असं आर्डिसला वाटायचं. इतकं वाटायचं की रात्री झोप यायची नाही. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नाही, नणंदेला तर नाहीच नाही. घोड्याला सांगितलं.

घोड्याचं नाव बम्से. नॉर्वेतल्या फ्योर्ड जातीचा. साईच्या रंगाचा, मान जाड, पोट त्याहून जाड, पाय आखूड, आणि आयाळ ब्रशसारखी उभी कापलेली, मधोमध काळी रेघ. नाताळात मुलांना घसरगाडीतून फिरवायला घेतलेलं जनावर. स्वभाव असा की शेजारी वीज पडली तरी हा आधी तोंडातला घास संपवील. परेडचा घोडा म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर येतो उंच, सडपातळ, लांब आयाळ वाऱ्यावर उडतेय, नाकपुड्या फुगल्यात, पाय जमिनीला लागतात न लागतात असा प्राणी. बम्सेचे चारही पाय जमिनीला नीट लागायचे आणि लागलेलेच राहायचे.

"तुझं नि माझं बरं जमलंय," आर्डिस त्याला खरारा करताना म्हणायची. "दोघांनाही कुणी रूपासाठी आणलेलं नाही."

खोगिराची कथा अशी. शेजारच्या गावचे दातांचे डॉक्टर वारले. त्यांना परेडचा नाद होता. त्यांच्या सामानाच्या लिलावात चांदी जडवलेलं खोगीर निघालं. नुसतं खोगीर नव्हे तर सगळा साज, रिकिबींवरून खाली लोंबणाऱ्या चामड्याच्या झुलींसकट. गावातले सगळे त्याच्याकडे बघत होते आणि बघत नसल्याचं दाखवत होते. अशी वस्तू घेतली की चारचौघांत काय सांगायचं? आर्डिसनं हात वर केला. दुसरा हात वर झालाच नाही. घरी आणून तिनं ते धान्याच्या कोठीत ताडपत्रीखाली लपवलं आणि दोन वर्षं तिकडे फिरकलीही नाही. नवऱ्याला, सेल्मरला, सांगितलं की जुनं खोगीर आहे. सेल्मरनं एकदा ते बाजूला सरकवायला उचललं.

"जड आहे," तो म्हणाला.

"जुनं आहे ना," ती म्हणाली. विषय तिथंच संपला. आमच्याकडे संसार असेच होतात.

सेल्मर हाउगेरुड बोलायला महाग होता, पण माणूस वाईट नव्हता. गोठ्यात गाई, पहाटे दूध, संध्याकाळी दूध, मधल्या वेळात शेत. गुडघ्यांनी केव्हाच दगा दिलेला. दुधाच्या यंत्राशी वाकला की तोंडातून एक बारीक आवाज यायचा आणि मग तो खोकल्याचं सोंग करायचा. दर शरद ऋतूत आर्डिस त्याला विचारायची, "थकला असशील तर गाई विकू या का?" तो म्हणायचा, "नको, चाललंय." ती पुन्हा विचारायची, "नक्की?" तो म्हणायचा, "चाललंय की." माणसाचा गाईंवर जीव आहे, दुसरं काय, असं म्हणून ती आत जायची.

तिसऱ्या वर्षी तिनं ताडपत्री काढली. म्हटलं, साठीनंतर लाजायचं तर केव्हापर्यंत लाजायचं? चांदी घासून घासून तिची बोटं काळी झाली. बम्सेवर ते खोगीर चढवलं तेव्हा नाकापेक्षा मोती जड अशी गत झाली. पोटाचा पट्टा बसेना, पुरवणी जोडावी लागली. ती वर चढली तेव्हा बम्सेनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि एक लांब उसासा सोडला. तिलाही तेच वाटत होतं.

आता परेडची चाल. ती म्हणजे गुडघे छातीपाशी आणायचे, मान ताठ, पण घाई बिलकूल नाही. वेग वाढला की गुण गेले. स्वारानं हसायचं, हात उंच करून लोकांना अभिवादन करायचं, जणू सगळा रस्ता आपल्या बापाचा. खरं घोडं पेंड खात होतं ते इथेच. घोड्याला गुडघे उचलायचे माहीत नव्हते आणि बाईला हात.

गुडघ्यांचा प्रश्न हिवाळ्यानं सोडवला. मिनेसोटात बर्फाला तोटा नाही. मांडीइतक्या बर्फातून चालायचं म्हणजे बम्सेला पाय उचलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. रोज दुपारी ती त्याला माळावरून नेई. पहिले काही दिवस तो बर्फात नांगर ओढल्यासारखा चालला, मग कंटाळून पाय उचलू लागला, आणि मार्च उजाडला तेव्हा बर्फ वितळलेल्या कोरड्या अंगणातही असा ठुमकत चालायचा की कोंबड्या बाजूला व्हायच्या. आर्डिसला हसू आवरेना. एवढ्या जाड अंगाच्या जीवाला एवढा तोरा कुठून आला?

हात उचलायला मात्र बर्फाचा उपयोग नव्हता. ती सरावासाठी धान्याच्या उंच कोठाराला अभिवादन करायची. मग टपालपेटीला. मग पुन्हा कोठाराला. एकदा सेल्मर गोठ्यातून बाहेर आला तर बायको घोड्यावर बसून हात उंच करून रिकाम्या माळाकडे पाहत हसतेय.

"कोण आलंय?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही."

"बरं," तो म्हणाला आणि आत गेला.

सूटसाठी ती फार्गो शहरात गेली. निळं सॅटिन आणि दोन डबे टिकल्या. दुकानातल्या पोरीनं विचारलं, नातीच्या नाचासाठी का? आर्डिस म्हणाली, हो. मग पोरीनं विचारलं, नातीचं वय काय? आर्डिस म्हणाली, नऊ. मग कापड किती हवं ते सांगावं लागलं. पोरीनं कापड मोजलं, पुन्हा एकदा मोजलं, आणि म्हणाली, "छान भरलीय हो नात." आर्डिस वाटभर गाडीत एकटीच हसत आली. खोटं बोललं की फळ मिळतंच, फक्त इतक्या लवकर मिळेल असं वाटलं नव्हतं.

नणंदेला मात्र कळलंच. थेल्मा म्हणजे सेल्मरची थोरली बहीण, चर्चच्या स्वयंपाकघराची सर्वेसर्वा. जत्रेत चर्चचा कॉफीचा तंबू असतो; तिथं अंडं घालून उकळलेली कॉफी मिळते आणि ती कॉफी आर्डिसच्याच हातची लागते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी थेल्मा किटल्या मोजता मोजता म्हणाली, "शुक्रवारी दुपारी तू तंबूत नसशील म्हणे."

"दोन तासांचा प्रश्न आहे," आर्डिस म्हणाली.

"घोड्यावर बसणार म्हणे."

"बसणार खरी. पडले तर लवकर येईन."

थेल्मा हसली नाही. झाकण लावत म्हणाली, "तसं माझं काही म्हणणं नाही. पण आर्डिस, लोकांना वाटेल तू स्वतःला कुणीतरी समजतेस."

नॉर्डबीत याहून मोठी शिवी नाही. आर्डिसनं ती मुकाट गिळली आणि कॉफीसाठी अंडी फोडायला घेतली. तिला राग आला होता. थेल्माचा नव्हे, स्वतःचा. कारण क्षणभर तिला वाटलं की थेल्माचं बरोबर आहे.

शुक्रवारी ऊन रणरणत होतं. गॅलरीत चर्चची माणसं कॉफीचे कागदी कप घेऊन बसली होती. सेल्मर सकाळचं दूध उरकून आला होता आणि कुंपणापाशी, सावली नसलेल्या जागी उभा होता. सावलीत बसायला कुणी दोनदाच सांगितलं असणार.

मैदानात सहा घोडे उतरले. पाच कुणाचेही डोळे दिपवतील असे. त्यांत फार्गोच्या मिसेस बॉलिंजरचा काळा घोडा म्हणजे तर तेलात बुडवून काढलेला. सहावा बम्से. गॅलरीत मागे कुणाचं तरी मूल मोठ्यानं म्हणालं, "आई, त्याचे केस का कापलेत?" आणि आईनं ताबडतोब त्याच्या तोंडात डोनट कोंबला. आर्डिसला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, पण मग खोगिराचं ओझं जमिनीला पेलेल का?

तिनं हात उंच केला आणि हसली. समोर कोठार आहे असं समजली.

पहिल्या फेरीत कुणी बम्सेकडे पाहिलं नाही. दुसऱ्या फेरीत पलीकडच्या मैदानात ट्रॅक्टरांची वजन ओढायची स्पर्धा सुरू झाली. पहिला ट्रॅक्टर असा गर्जला की कपांतली कॉफी हिंदकळली. सडपातळ घोडे बिथरले. एक आडवा सुटला, दोघांनी वेग घेतला, एकाला तर दोघांनी धरून बाहेर न्यावं लागलं. बम्सेनं आयुष्य ट्रॅक्टरांच्या सोबतीनं काढलेलं. त्याला वाटलं असणार, आला आपला सेल्मर. गुडघे छातीशी, मान ताठ, ना कमी ना जास्त, तो ठुमकत राहिला. मिसेस बॉलिंजरनंही आपला काळा घोडा लगामावर धरून ठेवला. बाई कसलेली होती.

आणि मग काय झालं कुणास ठाऊक, गॅलरीतून टाळ्या आल्या. आर्डिसनं हात हलवला, आणि यावेळी कोठार वगैरे काही आठवावं लागलं नाही. खरीखुरी माणसं होती आणि ती तिच्याकडे नि बम्सेकडे पाहत होती. मनात म्हणाली, बाई गं, झेंडा. उद्या झेंडा.

सगळे ओळीत उभे राहिले. परीक्षक दूर दक्षिणेतल्या ओक्लाहोमाचे, क्लोव्हिस टीग नावाचे, उंच टोपीवाले अदबशीर गृहस्थ. ते ओळीवरून दोनदा फिरले. मग मिसेस बॉलिंजरपाशी थांबून काही बोलले. तिनं लगेच मान हलवली आणि लगाम सरसावले. मग ते आर्डिसपाशी आले आणि टोपी उचलून म्हणाले, "मॅडम, माझ्या हिशेबी तुम्ही दोघी बरोबरीत आहात. ऊन फार आहे म्हणून सक्ती करत नाही, पण त्या आणखी एक फेरी करायला तयार आहेत. तुम्हाला करायचीय?"

आर्डिसचं काळीज असं उडालं की सूटच्या टिकल्या हलल्या. आणि तोंडातून काय निघालं?

"नको नको, तुम्हाला कशाला त्रास. त्यांचाच घोडा चांगला आहे."

"नक्की ना, मॅडम?"

"नक्की, नक्की."

आता तिसऱ्यांदा विचारतील म्हणून तिनं लगाम हातात सारखा केला, पाठ सरळ केली, चेहऱ्यावर "बरं, आता एवढं म्हणताय तर" असा भाव आणला. परीक्षक टोपी पुन्हा डोक्यावर ठेवून निघून गेले. ओक्लाहोमात नको म्हणजे नको, हे तिला कुणी सांगितलं असतं तर. त्यांनी कागदावर सही केली, कागद मैदानाच्या कारभाऱ्याच्या हाती दिला, आणि निवेदकानं माइक हातात घेतला.

तेव्हा कुठे आर्डिसच्या डोक्यात प्रकाश पडला. तिसरी वेळ येणारच नव्हती.

तिनं बम्सेला टाच मारली. ओळ सोडून घोडा पुढे आला, गुडघे उचलत, कारण आता त्याला दुसरं काही येतच नव्हतं. मैदानाच्या मधोमध ती परीक्षकांसमोर उभी राहिली. निवेदकाचा माइक तिथून दोन हातांवर होता आणि चालू होता, हे नंतर सगळ्यांनी सांगितलं.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मला फेरी करायचीय. मला पहिलं यायचंय. मला झेंडा पाहिजे."

हे सगळ्या मैदानावर ऐकू गेलं. गॅलरीवर, कॉफीच्या तंबूवर, डुकरांच्या शेडपर्यंत. नॉर्डबीच्या हवेत हे शब्द एवढ्या मोठ्यानं कधी उमटले नव्हते. थेल्मा तंबूच्या दारात किटली घेऊन उभी होती आणि कॉफी कपाबाहेर सांडत होती.

परीक्षकांचा चेहरा पडला. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, कागद दिला मी. सही झाल्यावर नियमानं बदलता येत नाही. आधी म्हणाला असतात तर आनंदानं बघितलं असतं मी. मला तुमच्या या घोड्याला पुन्हा बघायचंच होतं."

बैल गेला नि झोपा केला, म्हणतात ते हेच. इथं घोडा होता एवढाच फरक.

मिसेस बॉलिंजरला पहिल्या क्रमांकाची निळी फीत मिळाली, आर्डिसला दुसऱ्याची लाल. दोघींनी हात मिळवले. मिसेस बॉलिंजर चांगली बाई होती, म्हणाली, "तुमच्या जागी मी असते तर रडले असते." आर्डिस म्हणाली की रडण्याचं काम घरी गेल्यावर, इथं टिकल्यांचा रंग जाईल. मग ती मैदानाबाहेर आली. चर्चची माणसं आभाळाकडे पाहत होती, पाऊस कधी येईल याची चर्चा करत होती. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. हे ते सभ्यपणानंच करत होते, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं.

बम्सेला गाडीमागच्या ट्रेलरमध्ये चढवलं. सेल्मर चालवायला बसला, कारण संध्याकाळच्या दुधाची वेळ होत आली होती. आर्डिस सूटमध्येच शेजारी बसली. दारात टिकल्या अडकल्या, त्या तिनं ओढून सोडवल्या.

"काय शोभा झाली रे माझी," ती म्हणाली. "एवढी बोंब मारली, तीही फुकट. आणि उद्या पुन्हा नाक दाबून चर्चच्या गाडीत बसायचं. थेल्माशेजारी. देवा रे."

मक्याची शेतं मागे जात होती. आपल्यामुळे त्यालाही चर्चमध्ये मान खाली घालावी लागणार, असं तिच्या मनात आलं, आणि आता मात्र तिला खरंच वाईट वाटायला लागलं. हसून ते जाईना.

घराच्या वळणावर सेल्मरनं गाडी थांबवली. समोर गोठा दिसत होता, गाई फाटकाशी येऊन उभ्या होत्या. त्यानं इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"आर्डिस."

"काय?"

"मला गाई नको आहेत." घसा साफ करून तो पुन्हा म्हणाला, "मला विकायच्यात. मला कधीपासूनच विकायच्यात. मला वाटायचं, तुला हव्यात."

दर वर्षी आर्डिस त्याला विचारत आली होती. दर वर्षी, दोनदाच.

तिनं हातातली लाल फीत समोर काचेपाशी ठेवली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"विकू या," ती म्हणाली. "सोमवारी माणूस बोलावते."